पायवाली अक्षरं

अक्षरांना पाय असतात, हे मला सासरी आल्यावर कळलं. माहेरी इंझोरीच्या शाळेत चौथीपर्यंत मी जी अक्षरं गिरवली, ती सगळी वरच्या रेघेला लोंबकळणारी, दोरीवर वाळत टाकलेल्या लुगड्यांसारखी. जमिनीवर पाय रोवून उभं राहणारं अक्षर पहिल्यांदा पाहिलं ते कारंज्याच्या छापखान्यात, मामाजींच्या हातात. मामाजी म्हणजे माझे सासरे. तिथं ते खिळे जुळवायचे, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलून ओळी लावायचे. त्यांनी चार बोटं उंचीचा एक लाकडी ठोकळा माझ्यापुढं धरला आणि म्हणाले, "पाय पाह्य याचे."

पाहिले. इंग्रजी अक्षर होतं, कोणतं ते मला कळायचं कारण नव्हतं. दोन उभे खांब, मधे एक आडवी पट्टी, आणि प्रत्येक खांबाच्या खाली-वर एकेक चौकोनी जाड तुकडा. घराच्या खांबाखाली दगडी तळखडा बसवतात ना, तस्सा. त्यात नाजूक काही नव्हतं. खांब जेवढा जाड, पट्टी तेवढीच जाड, आणि तळखडाही तेवढाच. कुठं बारीक करू, कुठं वळण देऊ, असली नखरेबाजी नाही. मला ते बघताक्षणी आवडलं. मी स्वतः काही चवळीची शेंग नव्हते, म्हणूनही असेल.

टाईप विकणाऱ्यांच्या पुस्तकात या जातीला मिसर देशाचं, म्हणजे इजिप्तचं, नाव होतं. छापखान्याच्या शेटजींनी एकदा ते वाचून दाखवलं होतं. आता मिसर कुठं आणि कारंजा कुठं! आम्ही त्यांना पायवाली म्हणायचो, बस.

ही गोष्ट दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची. कारंज्याला कापसाचा बाजार मोठा, सरकी काढायची जिनं होती, छोट्या रुळांची आगगाडी होती, आणि जाहिराती लागायच्या उदंड. जिनाची नोटीस, शंकरपटाचं, म्हणजे बैलांच्या शर्यतीचं, पत्रक, आलेल्या सर्कशीचा कागद, सगळ्यांना वर एक इंग्रजी शब्द पाहिजेच. खालचा मजकूर मराठी, पण माथ्यावर इंग्रजी नसलं तर लोक म्हणायचे, हे काय खरं नाही. तो माथा मामाजी पायवाल्या अक्षरांत बांधायचे. कागद म्हणाल तर खरखरीत, शाई म्हणाल तर कधी दाट कधी पातळ. शाई लावायचे रूळ सरस आणि गूळ घालून ओतलेले असायचे. उन्हाळ्यात ते पाघळायचे आणि त्यांना मुंग्या लागायच्या. असल्या संसारात बारीक अक्षर टिकतंय कशाला? त्याच्या बारीक रेघा शाईत बुडून मरायच्या. पायवालं अक्षर मात्र कसंही दाबा, कशावरही दाबा, उमटणार म्हणजे उमटणार. बैलगाडीत बसल्या बसल्या रस्त्याच्या कडेच्या कडुलिंबावर चिकटवलेला कागद दिसायचा आणि न शिकलेला माणूससुद्धा म्हणायचा, "जिनाची नोटीस लागली वाटते." वाचता येत नव्हतं, पण अक्षरांची चाल ओळखीची होती. मला तर वाटतं, अक्षराचं याहून मोठं काम काही नसतं.

मी छापखान्यात कशी गेले ते सांगते. नवरा दिवसभर जिनात. मामाजींचा डबा घेऊन मी जायची आणि तिथंच टेकायची. छापून झालेले खिळे सोडवून परत ज्याच्या त्याच्या खणात टाकायचं काम असतं. ते कंटाळवाणं काम कोणी करत नसे, म्हणून मी हात घातला. शेटजी काही बोलले नाहीत. फुकटचा हात कोणाला नको असतो?

एकदा कच्चा छाप तपासायला मामाजींनी कागद डोळ्यांपुढं धरला होता. मोठ्या गंभीरपणानं मान डोलवत होते. कागद उलटा होता.

मी हळूच म्हटलं, "मामाजी, कागद उलटा हाय."

"मले मालूम हाय. जिंदगीभर उलटंच वाचलं मी. सवय हाय माही."

आता बोला! खिळे उलटेच असतात, जुळारी उलटंच वाचतो, म्हणजे उत्तरात खोट काढायला जागा नाही. पण मी त्यांच्याकडं नीट पाहिलं. त्यांची नजर कागदावर नव्हतीच. कागदाच्या पलीकडं, भिंतीवर कुठंतरी होती. डोळे गेले होते. दोन्ही.

घरी जाताना रस्त्यात विचारलं तेव्हा कबूल झाले. "शेटजीले सांगू नको, बाई. काम गेलं तं मी घरी बसून काय करू? माह्या हाताले दुसरं काई येत नाई." मला त्यांचा राग आला. एवढे दिवस एकट्यानं सोसलं म्हणून आला. मग मी डोळे पुसले आणि म्हटलं, "नाई सांगत. पण आता मी सांगन तसं कराचं."

मराठी खिळ्यांचं तसं सोपं होतं. कोणता खण कुठं, हे त्यांचा हात झोपेतही सांगेल. फक्त खिळे सोडवताना 'क'च्या खणात 'फ' पडता कामा नये. ते काम माझं. मजकूर मी त्यांच्या कानाशी पुटपुटायची, त्यांची बोटं चिमण्या दाणे टिपतात तशी चालायची. कच्चा छाप मी वाचायची.

अडचण इंग्रजीची. ते त्यांनाही वाचता येत नव्हतं, मलाही नाही. पूर्वी ते समोरचा नमुना बघून आकाराला आकार जुळवायचे. आता बघणार कोण आणि सांगणार काय? मग आम्ही दोघांनी नावं ठेवली. दोन खांब आणि मधे पट्टी, ती शिडी. तिरप्या पट्टीची, ती मोडकी शिडी. गोल, ती भाकर. एका खांबावर आडवं छप्पर, ती छत्री. नुसता उभा, तो खांब. वाकडा, तो विळा. तीन दातांची, ती फणी. 'नोटीस' हा शब्द आमच्यात असा होता: मोडकी शिडी, भाकर, छत्री, खांब, विळा, फणी. मी म्हणायची आणि ते पेटीतून बरोबर तेच काढून लावायचे. खाली-वर नाही, डावं-उजवं नाही, काही चुकायचं नाही.

"कसं कळते तुमाले?" मी विचारलं.

"याचे पाय सांगतात ना," ते म्हणाले आणि माझा अंगठा धरून अक्षराच्या खालच्या कडेवरून फिरवला. "हा पाय, हा खांब, हा दुसरा पाय. सारं एकसारखं जाड. बोटाले कुठीच फसवत नाई. त्या दुसऱ्या बारीक जातीचं नाई समजत. तिथं एक रेघ हाताले लागते, दुसरी लागतच नाई. हे इमानदार अक्षर हाय, पोरी."

बारीक जातीचं म्हणायचं कारण होतं. शेटजींच्या मेजावर एक नवं पुस्तक आलं होतं. त्यातली अक्षरं मोठी लफ्फेदार, वेलीच्या तणाव्यांसारखी. शेटजी येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवायचे. म्हणायचे, "अब यही फॅशन है. हे जुने ठोकळे किती दिवस वापराचे?" मामाजी खाली मान घालून ऐकायचे. ती अक्षरं आली की त्यांचा हात तिथं थांबणार, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

अशात खंडेनवमी आली.

त्या दिवशी आपल्याकडं हत्यारांची पूजा. शेतकरी विळे-कुऱ्हाडी पुजतो, छापखान्यात खिळे पुजतात. दरवर्षी लाकडी अक्षरांचं सगळं मामाजी स्वतः करायचे. घासलेटच्या चिंधीनं पुसायचे, पाटावर मांडायचे, हळद-कुंकू वाहायचे. त्या वर्षी त्यांना ताप होता. मी म्हटलं, निजा तुम्ही, मी करते. आणि उत्साहानं गेले.

पेटी उघडली. अक्षरांवर वर्षानुवर्षांची काळी शाई चढलेली आणि घासलेटचा उग्र वास. मला ते काही पटेना. वर्षाचा एक दिवस मान घ्यायचा आणि तोही चिंधीनं पुसून? देवाला आपण अशी आंघोळ घालतो का? शिशाचे खिळे मी सोड्याच्या पाण्यात नेहमी धुवायची, त्यांना काही होत नसे. मग ही तर मामाजींची लाडकी. रूळ ओतायच्या चुलीवर पाणी तापवलं, घरून शिकेकाई आणली, घंगाळात एकेकाला बसवून नारळाच्या शेंडीनं घासलं. काय सांगू, आतून असं मधासारखं पिवळं लाकूड निघालं! चांगली दोन घटका भिजवून उन्हात ओळीनं मांडली आणि कुंकू लावलं. नवऱ्या मुलींसारखी दिसत होती. मी स्वतःवरच खूश. मूर्ख बाई!

दसऱ्याला छापखाना बंद. एकादशीला पेटी उघडली, आणि पाहते तर काय! अक्षरं फुगली होती. शिडी पापडासारखी वाकली होती, ती पाटावर ठेवली की डुगडुगायची. भाकरीला आरपार चीर. छत्रीचा पाय निखळून वेगळा पडलेला. खांब मधोमध फाटला होता. 'नोटीस' शब्दातली मोडकी शिडी, विळा आणि फणी तेवढी कशीबशी धड होती. आणि शेटजींनी त्याच सकाळी सांगितलं होतं की कोजागिरीच्या आत जिनाची नोटीस पाहिजे, माथ्यावर मोठ्ठं इंग्रजी अक्षर. जिनं सुरू व्हायचे दिवस होते.

मामाजींना काय सांगायचं? खरं सांगायला जीभ उचलेना, म्हणून छपराच्या कौलांवर ढकललं. मी म्हटलं, "मामाजी, कवेलू गळलं वाटते वरून. पेटीत पानी गेलं."

त्यांनी भाकर हातात घेतली. चिरेवरून अंगठा फिरवला. नाकाजवळ नेली, खाली ठेवली. मग छत्री मागितली, मग खांब. एकेकाचं नाव घेऊन मागत होते, आणि मी देत होते. रागावले असते तर बरं झालं असतं.

"गळलं असन," शेवटी म्हणाले. "आता शेटजी नवे मागवते. त्या पुस्तकातले."

मी त्या दिवशी खूप रडले. दुसऱ्या दिवशी पहाटे दसऱ्याचं सोनं वाटायला माहेरी जाते असं सांगून निघाले, आणि नोटिशीला लागणारी तीन मोडकी अक्षरं लुगड्याच्या तुकड्यात बांधून इंझोरी गाठली. आमच्या गावचा वाढई, म्हणजे सुतार, गाड्यांची चाकं आणि तिफणी करायचा. हाताचा पक्का, जिभेचा त्याहून पक्का. त्याच्यापुढं गाठोडं सोडलं.

"हे काय खेळणं आणलं?"

"अक्षरं हायेत. तीन नवी करून पाह्यजेत. उद्या."

त्यानं छत्री उलटसुलट केली. "करतो. पण हे खालचे ठोकळे कायले? बिनकामाचे हायेत. काढून टाकले तं लवकर होईन."

माझं डोकंच सणकलं. "बिनपायाची बाज करता का तुमी? करता का? मंग अक्षराचे पाय काहून कापता? ज्याच्यासाठी करून राह्यले तो मानूस पायानंच वाचते! पाय पाह्यजेत म्हंजे पाह्यजेत. जाड, चौकोनी, अस्सेच!"

"बरं बाप्पा, देतो पाय," वाढई हसला. "माह्या अंगावर कायले येतं?"

त्यानं जुन्या गाडीच्या चाकाचा तुंबा, म्हणजे मधला लाकडी गाभा, काढला. वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड, दगडासारखं. म्हणाला, हे आता पाण्यालाही भीत नाही. मी तिथं उभं राहावं तर तो चिडायचा, म्हणून घरी गेले. नशीब एवढंच, की मोडलेली ती तिन्ही अक्षरं आरशात धरली तरी तशीच दिसणारी होती. विळा किंवा फणी मोडली असती, तर उलटं-सुलटं समजावता समजावता मला तिथंच कोजागिरी झाली असती.

दुसऱ्या दिवशी मी कारंज्याला परत निघाले, तेव्हा वाढईनं चालत्या बैलगाडीत गाठोडं टाकलं. गाव मागं गेल्यावर सोडून पाहिलं. खांब सुरेख. छत्री तर मूळच्याहून देखणी. आणि भाकर? मी कपाळावर हात मारला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! मी पाय-पाय म्हणून एवढी कावले होते, की त्या भल्या माणसानं भाकरीलाही पाय दिले होते. गोल अक्षर आणि खाली दोन चौकोनी ठोकळे, उखळासारखं. गोलाला कधी पाय नसतात. पण परत जायला वेळ नव्हता. म्हटलं, कोण बघतंय? शेटजी काय, गिऱ्हाईक काय, कोणाला एवढी दृष्टी आहे! आणि गप्प बसले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते वाटभर माझ्या मनात होतं.

छापखान्यात गेले तर शेटजी मामाजींच्या शेजारी उभे. कोणीतरी त्यांच्या कानात काही घातलं असावं. म्हणाले, "बुवा, आज मी पाहतो कसं जुळवता ते. पेटीत पानी गेलं म्हने?"

मी पेटी मांडली. कानाशी पुटपुटायची सोय नव्हती. पण शब्द त्यांना पाठ होता. मोडकी शिडी लावली. मग हात भाकरीवर गेला आणि अंगठा थबकला. एकदा फिरला, परत फिरला. शेटजी टक लावून पाहत होते. मामाजींनी भाकर मुकाट्यानं ओळीत ठेवली. मग छत्री, खांब, विळा, फणी. हात कुठं अडखळला नाही की चाचपडला नाही.

जुळवलेल्या ओळींचा फर्मा यंत्रावर चढला, पहिला कागद निघाला. शेटजींनी तो उजेडात धरला, चष्मा चढवला, वरून खाली पाहिला. "क्या बात है! झकास. चालू द्या सारे."

मला वाटलं, झालं, निभावलं, वाचलो. यंत्राचं चाक फिरणार तेवढ्यात मामाजी म्हणाले, "थांबा, शेटजी. भाकरीले पाय फुटले."

"कोनती भाकर?"

मला बोलावं लागलं. कागदावर बोट ठेवून दाखवलं. शेटजींनी कागद डोळ्यांजवळ नेला. "अरे हो! मले तं दिसलंच नाई. तुमाले कसं दिसलं, बुवा?"

मी मनात म्हटलं, मामाजी, काहीही सांगा, सवय आहे म्हणा, अंदाज म्हणा. पण ते म्हणाले, "दिसलं नाई. हाताले लागलं. मले आता काईच दिसत नाई, शेटजी. दोन साल झाले. पन चुकीचं अक्षर माह्या हातून बाजारात गेलं नाई कधी, आजबी नाई जाणार."

यंत्र थांबलेलं. शेटजींनी आपल्या हातातल्या कागदाकडं पाहिलं, मामाजींच्या डोळ्यांकडं पाहिलं. मग फर्म्याजवळ गेले, डोळे मिटले आणि भाकरीवर स्वतःचा अंगठा फिरवून पाहिला. जरा वेळानं त्यांना पाय सापडले असावेत, कारण मान हलली.

"ते नवं बारीक अक्षर समजन का तुमच्या बोटाले?" त्यांनी विचारलं.

"नाई."

"मंग पायवालंच मागवतो. डोळेवाल्याले जे दिसलं नाई ते ज्याले समजलं, त्याले काढून ठेवू कोनाले?" आणि माझ्याकडं वळून जरा दरडावूनच म्हणाले, "उभी काय राहाली बाई? कानस आन. भाकरीचे पाय काढा."

भाकरीचे पाय मामाजींनी स्वतः घासले. घासायचे, अंगठा फिरवायचे, परत घासायचे. नोटीस वेळेत गेली. मी कोपऱ्यात बसून खिळे सोडवत होते आणि एकही खिळा मला धड दिसत नव्हता.

संध्याकाळी छापखान्याच्या पायऱ्यांवर त्यांनी रोजच्यासारखा हात पुढं केला, मी धरला. आम्ही बाजार ओलांडला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाले, "बाई, शेटजीले सांगून पुढच्या साली त्या छपराचे कवेलू बदलून घे."

"काहून, मामाजी?"

"शिकेकाई गळते त्यातून."